निर्बंधांच्या यादीची कुळकथा

परदेशांशी व्यवहार करणाऱ्या पेढीच्या वकिलाला आज दोन कामे चुकत नाहीत: समोरच्या पक्षाचे नाव निर्बंधांच्या यादीत आहे काय हे पाहणे, आणि काल पाहिलेली यादी आजही तशीच आहे काय याची खातरजमा करणे. शत्रूच्या व्यापाराची कोंडी करण्याची नीती पुरातन आहे. अथेन्सने मेगाराच्या लोकांना आपल्या साम्राज्यातील बंदरे बंद केली होती, आणि नेपोलियनने १८०६ साली बर्लिनहून फर्मान काढून ब्रिटिश मालाला युरोपची दारे लावली होती. परंतु ती बंदी नगरांवर आणि राष्ट्रांवर असे. इसमवार आणि पेढीवार यादी हे विसाव्या शतकाचे अपत्य होय.

पहिल्या महायुद्धात शत्रूशी व्यापार निषिद्ध करणाऱ्या १९१४ च्या ब्रिटिश कायद्याने शत्रू ठरवला तो मुख्यतः वास्तव्यावरून. त्यामुळे ब्वेनोस आयरेसला दुकान थाटून बसलेला जर्मन व्यापारी त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ही फट बुजवण्यासाठी डिसेंबर १९१५ मध्ये नवा कायदा झाला, आणि २९ फेब्रुवारी १९१६ रोजी तटस्थ देशांतील पेढ्यांची पहिली यादी जाहीरनाम्याने प्रसिद्ध झाली. जहाजांचा कोळसा आणि सागरी विमा यांवर ब्रिटनची पकड असल्याने यादीतील नावाशी तिऱ्हाईतही व्यवहार करण्यास धजेना. जुलैमध्ये अमेरिकन पेढ्यांची नावे तीत आली, तेव्हा अध्यक्ष विल्सन कमालीचे संतापले.

त्याच वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डेमलर कंपनीचा खटला आला. प्रतिपक्षाची टायर-कंपनी इंग्लंडात रीतसर नोंदलेली होती, पण तिचे एक सोडून सर्व भाग जर्मनांच्या हाती होते. नोंदणी कोठली याहून ताबा कोणाचा, हे पाहून कंपनीला शत्रुत्व चिकटू शकते, असे न्यायाधीशांनी ठरवले. या निवाड्याची संतती पुढे भेटेल.

यादी झाली, तरी कायदा वाचणाऱ्यास तो सापडावा ही सोय अमेरिकेत नव्हती, आणि ती ज्या प्रसंगातून आली तो या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९३३ मध्ये तेल-उत्पादनाच्या नियमांतील कोट्याबाहेरचा उपसा निषिद्ध करणारा परिच्छेद एका दुरुस्ती-हुकुमात अनवधानाने गळला. फिर्यादी, वकील आणि खालची न्यायालये, सर्वजण एक वर्षभर अस्तित्वातच नसलेल्या कलमावर वाद घालीत राहिले. चूक उघड झाली ती प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर आले तेव्हा. असे हुकूम लोकांनी पाहावेत तरी कोठे, या न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या पृच्छेला सरकारपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. हार्वर्डचे प्राध्यापक ग्रिसवोल्ड यांनीही त्याच सुमारास प्रसिद्धीच्या व्यवस्थेसाठी कळकळीने लेखणी उचलली. जुलै १९३५ मध्ये कायदा झाला, आणि १४ मार्च १९३६ रोजी फेडरल रजिस्टरचा पहिला अंक निघाला. ज्याला प्रत्यक्ष ठाऊक नाही, त्याच्यावर अप्रसिद्ध हुकूम लागू करता येणार नाही, हे तत्त्व त्या कायद्याने प्रस्थापित केले.

पुढे जर्मनीने नॉर्वे व डेन्मार्कवर आक्रमण करताच, १० एप्रिल १९४० रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या देशांच्या ठेवी गोठवल्या; जुलै १९४१ मध्ये लॅटिन अमेरिकेतील १८०० हून अधिक नावांची यादी त्याच रजिस्टरात छापली गेली. १९५० साली चीन कोरियाच्या युद्धात उतरल्यावर कोषागारात स्थापन झालेल्या परकीय मालमत्ता नियंत्रण विभागाकडे या कामाचा वारसा आला. निर्बंधांच्या अभ्यासकाला तेव्हापासून मजकुराइतकाच तारखेचा माग ठेवावा लागतो: हुकूम केव्हाचा, दुरुस्ती केव्हाची, परवाना कोणत्या दिवशी संपला.

डेमलर-निवाड्याच्या विचाराचे वंशज येथेच भेटतात. याच विभागाच्या ऑगस्ट २०१४ च्या मार्गदर्शनानुसार, यादीतील व्यक्तींचा हिस्सा मिळून ५० टक्के वा अधिक झाला की ती कंपनीही, नाव कोठेही छापलेले नसताना, गोठवली जाते. चोरवाटा बंद करण्यास हा नियम आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. परंतु १९३६ साली राज्यकर्त्यांवर टाकलेला प्रसिद्धीचा भार त्याने अंशतः वाचकाच्या खांद्यावर हलवला, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. आता अभ्यासकाला यादी वाचून थांबता येत नाही. निरनिराळ्या देशांच्या कंपनी-दप्तरांतून भागधारक कोण, त्यांचे हिस्से किती, आणि ते कोणत्या तारखेला हस्तांतरित झाले, हे त्याला स्वतः शोधून काढावे लागते.