मुरगाव बंदर आणि तटस्थतेचे नियम

महायुद्धावर बेतलेल्या पटावरच्या खेळांत तटस्थ राष्ट्राच्या वाट्याला फार थोडे काम येते. लॅरी हॅरिस यांच्या ‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ या अमेरिकी खेळाच्या १९८४ च्या आवृत्तीत खेळाडूने आपल्या उत्पन्नातून तीन एकके बँकेत भरली की त्याचे सैन्य तटस्थ प्रदेशात शिरू शकते. अ‍ॅलन कॅल्हॅमर यांच्या १९५९ सालच्या ‘डिप्लोमसी’त स्वित्झर्लंड हा कोणालाच ओलांडता न येणारा तुकडा आहे. पहिल्या खेळाच्या नंतरच्या, १९४० सालापासून सुरू होणाऱ्या विस्तृत आवृत्तीत नियम बारीक झाले. एका कडक तटस्थ राष्ट्रावर हल्ला झाला की तशी उरलेली सगळी राष्ट्रे हल्लेखोराच्या शत्रूकडे झुकतात, असा दंड तिथे आहे. तरीही या सर्व नियमांत प्रश्न एकच विचारला जातो, तो म्हणजे सीमा कोणी आणि काय मोजून ओलांडली. प्रत्यक्ष युद्धात सीमा जागच्या जागी ठेवूनच तटस्थ भूमी वापरली जाते, आणि हा वापर कसा चालतो हे पाहण्यासाठी १९३९ ते १९४३ या काळातील पोर्तुगीज गोव्याचे मुरगाव बंदर फार उपयोगी आहे, जरी १९८४ च्या पटावर गोव्याला स्वतंत्र जागाच नाही.

तटस्थतेचे लेखी नियम १९०७ च्या हेग करारांत आढळतात. पाचव्या करारात जमिनीवरील आणि तेराव्या करारात समुद्रावरील युद्धाच्या वेळी तटस्थ राष्ट्रांची आणि युद्धमान, म्हणजे प्रत्यक्ष लढणाऱ्या, राष्ट्रांची कर्तव्ये सांगितली आहेत. वेगळा स्थानिक कायदा नसेल तर युद्धनौकेला तटस्थ बंदरात २४ तासच थांबता येते, एका पक्षाच्या तीनपेक्षा जास्त युद्धनौका एका वेळी तिथे असू शकत नाहीत, आणि दुरुस्ती करायची ती जहाज समुद्रात तरंगत राहण्यापुरतीच. दोन्ही पक्षांच्या युद्धनौका एकाच बंदरात असतील तर एकीच्या प्रस्थानानंतर दुसरीने निदान २४ तास थांबले पाहिजे, आणि शत्रूचे व्यापारी जहाज निघून गेल्यावरही युद्धनौकेला तेवढाच काळ बंदर सोडता येत नाही. हा शेवटचा नियम वरकरणी निरुपद्रवी दिसतो. डिसेंबर १९३९ मध्ये जखमी झालेली ‘ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात आश्रयाला आली, तेव्हा ब्रिटिशांनी आपली व्यापारी जहाजे मुद्दाम एकेक करून बाहेर सोडली, म्हणजे प्रत्येक प्रस्थानाबरोबर तिच्या पायात नवी बेडी पडे. नियम मोडण्याइतकेच नियम पाळणेही शस्त्रासारखे वापरता येते, हे त्या आठवड्यात दिसून आले.

मुरगावात नांगर टाकून पडलेल्या जहाजांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता, कारण ती युद्धनौका नव्हती. युद्ध भडकताच ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘द्राखेनफेल्स’ ही जर्मन व्यापारी जहाजे ब्रिटिशांच्या हाती लागू नयेत म्हणून या बंदरात शिरली, आणि पुढे ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला होते. व्यापारी जहाजाला २४ तासांची मुदत लागू होत नाही, त्यामुळे ती तिथे वर्षानुवर्षे राहिली. बंदर पोर्तुगालचे खरे, पण त्याची घडण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून झाली होती. मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग इंग्रजी भांडवलावर उभा राहिला होता आणि पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानच्या जाळ्याला जोडलेला होता. मुंबईत पोटासाठी गेलेल्या गोवेकरांच्या पैशांवर आणि ब्रिटिश बोटींवर चाकरी करणाऱ्या तारवटींच्या, म्हणजे गोमंतकीय खलाशांच्या, पगारावर इथली असंख्य घरे चालत. लिस्बनमध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांच्या सरकारने १ सप्टेंबर १९३९ रोजी तटस्थता जाहीर केली होती आणि त्याच वेळी १३७३ पासूनची इंग्लंडशी असलेली मैत्रीही नाकारली नव्हती. पोर्तुगालने आपल्या खाणींतील टंगस्टन, म्हणजे शस्त्रास्त्रांच्या पोलादाला लागणारा कठीण धातू, दोन्ही पक्षांना विकले. अशा देशाच्या एका दूरच्या बंदरातील तटस्थता किती ताठ असणार, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

ब्रिटिशांचा संशय असा होता की ‘एरेनफेल्स’वर गुप्त बिनतारी संदेशयंत्र असून हिंदी महासागरातील पाणबुड्यांना तेथून जहाजांची खबर पुरवली जाते. तेराव्या हेग करारातील पाचवे कलम तटस्थ बंदरात असे यंत्र उभारण्यास स्पष्ट मनाई करते. म्हणजे संशय खरा असेल तर पोर्तुगालची तटस्थता जर्मनीने आधीच मोडली होती, आणि बंदराचा हा गैरवापर थांबवण्याचे कर्तव्य पोर्तुगालचे होते. मात्र त्यासाठी गोव्यात सैन्य उतरवणे म्हणजे पोर्तुगालवर आक्रमण करणे ठरले असते. म्हणून ब्रिटिश गुप्तमोहिमा खात्याने ज्यांचा संबंध सरकारला सहज नाकारता येईल अशी माणसे शोधली. ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या हौशी सहायक पलटणींतील ही मंडळी पेढ्यांमध्ये आणि व्यापारी कचेऱ्यांमध्ये काम करणारी, बरीचशी मध्यमवयीन होती. गाळ वाहून नेणारी ‘फीबी’ नावाची संथ बोट कलकत्त्याहून द्वीपकल्पाला वळसा घालून आली, आणि रेल्वेने कोचीनला पोहोचलेले बाकीचे तिथे तिच्यावर चढले.

छाप्यासाठी ९ मार्च १९४३ ची रात्र निवडली होती. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, १० मार्चला येत होता. त्यामुळे आदल्या दिवशी गोव्यात इंत्रुजचा, म्हणजे कार्निव्हलचा, शेवटचा जल्लोष चालू होता आणि किनाऱ्यावरील लक्ष दुसरीकडे वेधले गेले होते. ‘फीबी’ ‘एरेनफेल्स’ला भिडली, चकमकीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, पण जर्मनांनी तळाची झडपे उघडून आणि आगी लावून जहाज हातचे जाऊ दिले नाही. ज्वाळा दिसताच उरलेल्या तिन्ही जहाजांवरील खलाशांनीही आपापली जहाजे पेटवून बुडवली. छापा टाकणाऱ्यांपैकी कोणीही दगावले नाही. जहाजे पळवून नेण्याचा बेत फसला असला तरी ती निकामी झाली, आणि ती त्यांच्याच खलाशांनी जाळली होती हेही खोटे नव्हते. या सोयीच्या सत्याचा आधार दोन्ही सरकारांना मिळाला. हा छापा खरोखर आवश्यक होता का, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. त्या महिन्यांत जर्मन पाणबुड्यांचा मुख्य वावर दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ होता, आणि बुडालेल्या जहाजांचे श्रेय एका बिनतारी यंत्राला देणे हे मोहिमेच्या कथेला शोभणारे असले तरी पुराव्याच्या दृष्टीने फारसे भक्कम नाही.

त्याच बंदराने सात महिन्यांनी नेमके उलटे दृश्य पाहिले. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी परस्परांच्या ताब्यात अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल मुरगावात केली. ‘तेइया मारू’ हे जपानी जहाज पूर्वेकडील बंदरांतून सुमारे दीड हजार माणसे घेऊन आले. त्यांत मिशनरी, व्यापारी आणि मुलाबाळांसह स्थानबद्ध झालेली कुटुंबे होती. न्यूयॉर्कहून ‘ग्रिप्सहोल्म’ हे स्वीडिश प्रवासी जहाज जपानी नागरिकांना घेऊन आले. त्याच्या बाजूंवर स्वीडनचे रंग आणि ‘डिप्लोमॅट’ हा शब्द ठळक रंगवलेला होता, जेणेकरून कोणत्याही पाणबुडीने चुकूनही त्यावर मारा करू नये. या व्यवहाराची बोलणी संरक्षक सत्तांमार्फत झाली होती. संरक्षक सत्ता म्हणजे युद्धमान राष्ट्राचे हितसंबंध शत्रूच्या राजधानीत सांभाळणारा तटस्थ देश. टोकियोत अमेरिकेसाठी हे काम स्वित्झर्लंड करीत होते आणि वॉशिंग्टनमध्ये जपानसाठी स्पेन. १९ ऑक्टोबरला प्रवाशांची अदलाबदल झाली आणि दोन्ही जहाजे आल्या वाटेने परतली. मार्चमध्ये ज्या बंदराची तटस्थता एका पक्षाने गुपचूप बाजूला सारली, त्याच तटस्थतेवर ऑक्टोबरमध्ये दोन शत्रूंनी हजारो जीव सोपवले.

हा विरोधाभास फक्त वरवरचा आहे. पोर्तुगालच्या इतर दूरच्या प्रदेशांकडे पाहिले तर त्याचे कारण कळते. पोर्तुगीज तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य पोर्तुगालच्या निषेधाला न जुमानता उतरले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी. तिथली तटस्थता कोणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून ती कोणीच राखली नाही. अझोर्स बेटांवरील तळ मात्र ब्रिटनने ऑगस्ट १९४३ मध्ये करार करूनच मिळवले, आणि १२ ऑक्टोबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये त्यासाठी १३७३ च्या तहाचा दाखला दिला. मुरगावातील छाप्याची हकिकत पुढे तीन दशकांहून अधिक काळ झाकलेली राहिली. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून ती बाहेर आली आणि दोन वर्षांनी ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांच्या ‘द सी वुल्व्ज’ या चित्रपटातून जगभर पोहोचली. नागरिकांच्या अदलाबदलीवर मात्र तसा चित्रपट कोणी काढला नाही, आणि गोव्याच्या युद्धकाळाविषयी बोलताना आजही बहुतेकांना आधी आठवतात ती जळणारी जहाजेच.