ज्युपिटर नोटबुकची विस्तारके
ज्युपिटर या संगणकीय वहीला बाहेरून जोडता येणाऱ्या पूरक साधनांना विस्तारके म्हणतात. मूळ वहीत नसलेली एखादी सोय, उदाहरणार्थ आलेखाखालची सरकपट्टी, चाळता येणारा तक्ता किंवा एखादी नवी आज्ञा, त्यांच्याद्वारे पुरवली जाते. विदा विश्लेषणात त्यांचा वापर विशेषत्वाने होतो.

पार्श्वभूमी

फर्नांडो पेरेझ यांनी कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी असताना २००१ साली आयपायथन ही आज्ञावली लिहावयास घेतली. ब्राउझरमध्ये उघडणारी वही तिच्यात २०११ च्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये त्यातूनच ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. ज्युलिया, पायथन व आर या संगणकीय भाषांच्या नावांवरून हे नाव घडले. गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे टिपणाऱ्या गॅलिलिओच्या वह्यांचे स्मरणही त्यात आहे.

रचना

वही दोन ठिकाणी नांदते. वाचकाला दिसणारा भाग ब्राउझरमध्ये असतो, तर प्रत्यक्ष आकडेमोड ‘कर्नल’ नावाची स्वतंत्र प्रक्रिया करते. दोघांमध्ये संदेशांची देवाणघेवाण चालते. त्यामुळे नवे साधन यांपैकी कोणत्या बाजूला बसवायचे, हे कर्त्याला आधी ठरवावे लागते.

सर्वांत सोपा मार्ग कर्नलच्या बाजूचा आहे. पायथनमधील वस्तूला ठरावीक नावाची एक पद्धत जोडून तिच्यातून एचटीएमएल मजकूर परत केला, की वही ती वस्तू त्या रूपात दाखवते. पांडाज या ग्रंथालयाचे तक्ते वहीत नीटनेटके दिसतात ते याच युक्तीने. टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या ‘मॅजिक’ आज्ञाही याच बाजूच्या होत. एखाद्या ओळीला किती वेळ लागतो हे मोजणारी ‘टाइमइट’ ही त्यांतील परिचित आज्ञा.

विजेट मात्र दोन्ही बाजूंना पाय ठेवून असते. सरकपट्टीच्या मूल्याची एक प्रत पायथनमध्ये व दुसरी ब्राउझरमध्ये असते आणि एक बदलताच संदेशाद्वारे दुसरी बदलते. आयपायविजेट्स हा संच याच तत्त्वावर चालतो. स्वतःचे विजेट बनवणे पूर्वी बरेच किचकट होते, कारण जावास्क्रिप्टचे वेगळे गाठोडे बांधून ते निराळे वितरित करावे लागे. एनीविजेटने हे काम एका छोट्या फाइलवर आणले. ज्युपिटरलॅबचे मेनू वा बाजूची पटले बदलणारी विस्तारके टाइपस्क्रिप्टमध्ये लिहितात.

नोंदीचा प्रश्न

विश्लेषण कोणत्या पायऱ्यांनी झाले हे दुसऱ्याला पाहता यावे, हे वहीचे खरे मोल आहे. व्यवहारात ते सहज हाती लागत नाही. गिटहबवरील सुमारे १४ लाख वह्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चालवून पाहिलेल्या वह्यांपैकी सुमारे २४ टक्केच त्रुटीविना चालल्या आणि तेच उत्तर देणाऱ्या जेमतेम ४ टक्के निघाल्या.

सोयीस्कर विस्तारक या अडचणीत भर घालू शकते. तक्त्यातील काही ओळी माउसने गाळल्या, तर त्या का व कशा गाळल्या याची खूण आज्ञांमध्ये उरत नाही. सेल पुन्हा चालवला की सरकपट्टीही मूळ मूल्यावर परतते. आलेख मात्र तोवर अहवालात जाऊन बसलेला असतो. यावर मिटोसारख्या साधनांनी चांगला तोडगा काढला आहे. वापरकर्ता तक्त्यात बदल करतो तसतशी त्या बदलाची पायथन आज्ञा वहीत लिहिली जाते. साधन पुढे काढून टाकले तरी कृतीची नोंद राहते.

टिकाऊपणा

विस्तारकाचे आयुष्य यजमान वहीवर अवलंबून असते. पांडाजच्या तक्त्यांसाठी लोकप्रिय झालेले क्यूग्रिड हे क्वांटोपियन या कंपनीने बनवले होते. कंपनी २०२० मध्ये बंद झाली, साधनाची देखभाल थांबली आणि ज्युपिटरलॅबच्या नव्या आवृत्त्यांशी त्याचे जुळेनासे झाले. ज्युपिटरलॅबमध्ये विस्तारक बसवण्यासाठी आरंभी नोड ही वेगळी प्रणाली लागे व सगळी बांधणी पुन्हा करावी लागे. तिसऱ्या आवृत्तीपासून तयार बांधलेली विस्तारके थेट बसवता येऊ लागली. २०२३ मध्ये आलेली नोटबुकची सातवी आवृत्ती ज्युपिटरलॅबच्याच घटकांवर रचलेली असल्याने अभिजात वहीसाठी लिहिलेली जुनी विस्तारके तिच्यात चालत नाहीत. ज्यांचे काम त्यांवरच अडलेले आहे, त्यांच्यासाठी जुना दर्शनी भाग ‘एनबीक्लासिक’ या नावाने स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.