एकाच लोहाचे रंग : अजिंठ्याचा कातळ आणि चित्रे

अजिंठ्याचे रंग पानाफुलांच्या रसापासून केले होते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. लेणी दाखवणारे आजही पुष्कळदा तसेच सांगतात. कल्पना मोहक आहे, पण खरी नाही. वनस्पतींचे बहुतेक रंग काळाबरोबर विटतात. भिंतींवर पंधराशे वर्षे टिकलेला तांबडा रंग हा गेरू आहे, म्हणजे माती. आणि त्या मातीचे नाते लेणी ज्यात कोरली त्या कातळाशीच आहे.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरचा हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातून तो घडला. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असते आणि दहा टक्क्यांहून अधिक लोहाची ऑक्साइडे. हे लोह पायरोक्सीन, मॅग्नेटाइट अशा खनिजांत असते आणि ती खनिजे प्रकाश शोषून घेतात. म्हणून दगड काळा दिसतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त आणि लोह कमी, म्हणून तो बहुधा फिकट.

मात्र लोहाला स्वतःचा असा एक ठरलेला रंग नाही. त्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले आहेत की तीन, आणि त्याच्याभोवती कोणते अणू आहेत, यावर रंग ठरतो. हवापाण्याने बेसाल्ट कुजला की लोह आणखी एक इलेक्ट्रॉन गमावते आणि हेमटाइट बनते. तोच गेरूचा तांबडा रंग. घाटातल्या डोंगरकापात दोन लाव्हाथरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टाही या लोहाचाच. लोहाच्या ऑक्साइडच्या रचनेत हायड्रोजनही सामावला की गोएथाइट होते. तो पिवडीचा पिवळा. पिवडी भाजली की पाणी उडून जाते आणि ती तांबडी होते. हिरवी माती याहून गमतीची. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या; पुढे त्यांत पाझरलेल्या पाण्यातून सेलॅडोनाइट तयार झाले. त्यात लोहाच्या दोन्ही अवस्था एकत्र नांदतात.

निळा मात्र परका. वाकाटककालीन लेण्यांत वापरलेला हा रंग लाजवर्दाचा आहे आणि या दगडाची प्राचीन खाण आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये. त्याच्या निळाईत लोहाचा वाटा नाही. तीन गंधक-अणूंचा गट ती निळाई देतो. भिंतीवरचा तो लहानसा निळा तुकडा व्यापारी मार्गाचा पुरावाच म्हणायला हवा.

हे रसायन समजून न घेता चित्रांवर उपचार झाले, ही पुढची कथा. 1819 साली कॅप्टन जॉन स्मिथ लेण्यांत पोहोचला. 1844 पासून रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून नव्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्याही अनेक 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. 1920 नंतर निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, हे त्यांचे श्रेय मान्यच केले पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही चढवले.

लाख सेंद्रिय आहे. ती पिवळी पडली आणि तिच्यावर धूळ-काजळी बसली. पिवळ्या थराखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा मळकट. म्हणजे ज्या उदास, तपकिरी छटेला आपण अजिंठ्याचे 'प्राचीनत्व' समजत आलो, तिचा बराचसा भाग विसाव्या शतकातला आहे. हे रोगण जपून उतरवण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

म्हणून पानाफुलांची दंतकथा मला निरुपद्रवी वाटत नाही. रंग झाडपाल्याचा मानला की तो विटणारच, असे आपण गृहीत धरतो आणि आपल्या हातून झालेली हानी काळाच्या माथी मारतो. तांबड्यातले लोह होते तसेच आहे. प्रतिकृती जळाल्या, अस्सल आहे ती भिंतच, आणि तिला पुन्हा रंगवणे कोणाच्याच हातात नाही.