नाटकमंडळींचा संसार आणि कुलाब्याच्या वाटा

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारांनी नाटककारांस न्याय दिला, नटांस दिला, आणि गायकांस तर न्यायाहून काकणभर अधिकच दिले. परंतु ह्या सर्वांचे पडदे, पेट्या आणि भांडीकुंडी एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविणारा गाडीवान, मचव्याचा तांडेल आणि स्टेशनावरील हमाल ह्यांस त्या इतिहासात क्वचितच जागा मिळाली आहे. आमची रंगभूमी तर जन्मापासून फिरती. जी कला फिरून जगते, तिचे रूप तिला वाहून नेणाऱ्या साधनावर किती अवलंबून असते, ह्याचा विचार वाचकांपुढे मांडावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही पेण व रोहे ही दोन गावे मुद्दाम निवडली आहेत. कारण मुंबईच्या इतके निकट असून आगगाडीपासून इतका दीर्घकाळ वंचित राहिलेला प्रदेश महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

आरंभी नाटकाचे ओझे हलके होते. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, त्या नाटकास देखावे असे जवळजवळ नव्हतेच. सूत्रधार, विदूषक, देवांचे व राक्षसांचे वेष, काही आयुधे आणि एखादा साधा पडदा, एवढ्यावर स्वर्ग, वन आणि राजसभा ही तिन्ही स्थळे उभी राहत. मार्च १८५३ मध्ये ह्याच भाव्यांनी मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ केले. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे मराठी नाटक मुंबईत पोचले ते आगगाडीच्या आधी. त्या वेळी देशावरून मुंबईस यावयाचे तर बोरघाट उतरावा लागे. त्या घाटात गाडीरस्ता झाल्यास तेव्हा तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तो १८३० सालचा. घाट उतरून खोपोलीवरून पनवेल गाठावयाचे, आणि तेथून तरीने मुंबई. ज्या जिल्ह्यास पुढे कुलाबा आणि १९८१ पासून रायगड हे नाव मिळाले, त्याचीच ही भूमी. माणसांच्या डोक्यावर, तट्टांच्या पाठीवर आणि एकदोन गाड्यांत मावेल एवढाच संसार असल्यामुळे हा प्रवास त्या काळी शक्य झाला.

पुढे आगगाडी घाट चढली. १८५६ त खोपोलीपर्यंत रूळ आले. पलीकडे खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ त सुरू झाला. आणि मधला घाट १८६३ त बांधून पुरा झाला. ह्यानंतर सतराच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आले. संगीत नाटकाचा जन्म आगगाडीने झाला, असे म्हणण्याइतके आम्ही धाडसी नाही. तथापि त्याचा विस्तार आगगाडीने झाला, हे म्हणण्यास हरकत दिसत नाही. सोलापूर, मिरज, हुबळी, अमरावती, नागपूर, इंदूर, बडोदे ही नाटकमंडळींच्या मुक्कामांची नावे नकाशावर जोडून पाहावी. जी रेषा उमटते ती बहुतांशी रुळांची असते.

आगगाडीच्या मालडब्यात ओझे मावू लागले, तसतसे ओझे वाढत गेले. रंगविलेले पडदे आले, विंगा आल्या, झालरी आल्या; ऑर्गन आला, दिव्यांच्या पेट्या आल्या; मंडळींचा आचारी आणि त्याची पातेलीही आली. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने वेषभूषेचे आणि देखाव्यांचे वैभव शिगेस नेले. १९२२ मध्ये ललितकलादर्शाने मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' बसविले, तेव्हा पु. श्री. काळे ह्यांच्या कुंचल्याने तीन भिंतींचा बंदिस्त दिवाणखाना रंगभूमीवर उभा केला. प्रेक्षकांनी त्याचे कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु पडदा गुंडाळता येतो, दिवाणखाना गुंडाळता येत नाही. सामानाच्या यादीत लाकडी चौकटी जेव्हा शिरल्या, तेव्हा नाटकाच्या खर्चात एक कायमचा भागीदारही शिरला. त्याचे नाव भाडे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सामान मोडते ते चालत्या वाहनात थोडे, आणि चढउतारात फार. कोल्हापुराहून मुंबईस येणाऱ्या मंडळीस ह्याचा अनुभव पुण्यास येई. मिरजेकडून येणारा मार्ग मीटर रुंदीचा, तर पुण्यापुढील मार्ग साडेपाच फुटी. हा भेद १९७१ पर्यंत टिकला. दोन कंपन्यांच्या रुळांत फरक होता तो हातभर रुंदीचा, पण त्यापायी मालडब्यातली प्रत्येक पेटी उतरवून दुसऱ्या डब्यात भरणे भाग पडे. अशा वेळी आरसे फुटत, चौकटी खिळखिळ्या होत, आणि पडद्यावरील राजवाड्यास हमालाच्या खांद्याची घडी पडे.

पुण्यास एक चढउतार एवढी महाग पडत असेल, तर कुलाबा जिल्ह्यात काय स्थिती असेल, ह्याची कल्पना करावी. मुंबईहून पेणेस जाण्याचा रूढ मार्ग असा: गावातून गाडीने धक्क्यावर, धक्क्यावरून वाफेच्या बोटीने रेवसच्या बाजूने अंबा नदीच्या खाडीत धरमतरास, आणि तेथून पुन्हा बैलगाडीने पेणेस. म्हणजे सामान चार वेळा उचलावयाचे आणि चार वेळा ठेवावयाचे. खेळ आटोपल्यावर तितक्याच वेळा परत. रोह्यास जावयाचे तर धरमतर-महाबळेश्वर रस्त्याने नागोठण्यावरून पुढे गाड्या हाकाव्या लागत. नागोठण्यास अंबेवर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. ज्या काळी तो बांधला, त्या काळी त्यावरून घोडे आणि पांथस्थ जावयाचे होते. पंचवीस फुटी वाशावर गुंडाळलेल्या पडद्याचा विचार बांधणाराने केला असण्याचा संभव नाही. असा वासा बैलगाडीच्या पुढेमागे हात-हात बाहेर राही, आणि वळणावर तो कोणाच्या तरी कुंपणात शिरे.

रोह्यास दुसरी वाट होती ती पाण्याची. मुंबईस मचव्यात सामान भरावे, अलिबागवरून रेवदंड्यास यावे, आणि कुंडलिकेच्या खाडीतून भरतीबरोबर वर चढावे. ह्या मार्गाचा गुण मोठा: एकदा भरलेले सामान थेट रोह्याच्या बंदरात उतरे, लांब वाशांचा प्रश्न उरत नसे, आणि भाडेही वजनाच्या मानाने हलके पडे. दोष इतकाच की वेळापत्रक मंडळींच्या हाती नसून चंद्राच्या हाती असे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाचे पाणी. तेव्हा भरलेला मचवा सहज वर जाई. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी. तेव्हा तोच मचवा चिखलात बसे. रोह्याच्या समोर, कुंडलिकेच्या दुसऱ्या तीरावर जे गाव आहे, त्याचेही नाव अष्टमी असावे, हा निव्वळ योगायोग होय; परंतु सामानाची वाट पाहत बंदरावर उभ्या राहिलेल्या मॅनेजरास तो थट्टेसारखा वाटला तर नवल नाही.

आणि पावसाळ्यात ही वाट बंदच. ज्येष्ठात समुद्र खवळला की किनाऱ्याची शिडाची वाहतूक थांबे, ती नारळीपौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. बंदराच्या आसऱ्याने चालणाऱ्या वाफेच्या बोटीही सर्वथा निर्धोक नव्हत्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. कुलाब्यातील कित्येक घरांत तो दिवस अजून तिथीने आठवला जातो. वाहनाची निवड ही केवळ पैशाची बाब नाही, हे सांगण्यास याहून दुःखद दाखला नको.

तात्पर्य, पाण्याची वाट स्वस्त, पण तारखेची हमी नाही. रस्त्याची वाट महाग आणि मोडतोडीची, पण दिवस चुकत नाही. ह्या दोहोंत निवड करताना पुष्कळांची दृष्टी भाड्याच्या आकड्यावर खिळते. आमच्या मते तीन गोष्टी आधी पाहावयास हव्यात. पहिली, सामानात न मोडता येणारी सर्वांत लांब वस्तू कोणती? वाहन निवडावयाचे ते तिच्या मापाने, एकूण वजनाच्या मापाने नव्हे. दुसरी, एकंदर चढउतार किती? तिसरी, उशीर झाल्यास कोणत्या वस्तूवाचून खेळ होईल आणि कोणत्या वस्तूवाचून होणार नाही? मागचा महाल न आला तर काळ्या पडद्यावर 'मानापमान' होऊ शकेल. पण तबल्याची जोडी न आली तर भामिनीने काय करावे? तेव्हा वाद्ये आणि वेषांच्या पेट्या माणसांबरोबर रस्त्याने, आणि अवजड देखावे उधाण पाहून दोन दिवस आधी मचव्याने, अशी वाटणी करणे हाच शहाणपणाचा मार्ग. जाहिराती वाटल्या गेल्या आणि आसपासच्या खेड्यांतून लोक कंदील घेऊन चालत आले म्हणजे तारीख ही मंडळींची राहत नाही. ती प्रेक्षकांची होते.

परंतु ह्या हिशोबाचा दुसराही एक परिणाम झाला, आणि तोच आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जेथे रूळ नाहीत तेथे पूर्ण वैभवानिशी जाणे परवडत नाही, हे गणित मोठ्या मंडळींस मुकाट्याने मानावे लागे. म्हणून ज्या कलेचा डंका मुंबई-पुण्यास वाजत होता, ती धरमतराच्या अलीकडे बहुधा कमी पडद्यांनिशी येई, किंवा येतच नसे. ह्या गावांस रसिकता कमी होती असे नव्हे. ज्या पेणेत मातीच्या मऊ लोंढ्यातून गजाननाची मूर्ती घडते, आणि पेंढ्यात बसवून ती गावोगाव सुखरूप पोचते, तेथे नाजूक वस्तू न मोडता नेण्याची विद्याही होती आणि सौंदर्याची पारखही. उणीव होती ती वाटेची.

ह्याउलट दक्षिण कोकणातील दशावतारी पाहा. वेषांचा पेटारा डोक्यावर घेऊन ते जत्रेमागून जत्रा पायी करीत. रात्रीचा राजा सकाळी बोजा वाही. त्यांना पडदा नव्हता, म्हणून त्यांना अगम्य असे गावही नव्हते. आमच्या संगीत रंगभूमीने मात्र वैभवाचा मार्ग पत्करला, आणि ज्या आगगाडीने तिला वैभव दिले, तीवाचून तिला पाऊल टाकता येईना. १९३१ त 'आलम आरा' आणि १९३२ त 'अयोध्येचा राजा' आले, तेव्हा बोलपटाने नाटकास जिंकले ते आवाजाने आणि नव्हाळीने, असे सांगतात. ते खरे आहे. पण बोलपट हलका होता हेही तितकेच खरे. सारी अयोध्या दहाबारा पत्र्याच्या डब्यांत मावे आणि मोटारीच्या टपावरून जाई. तिला न आचारी लागे, न बिऱ्हाड. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. ज्या नटास गावोगाव नेण्यास मालडबे लागत, तो आता डब्यातून कोठेही जाऊ शकत होता.

नाटकही ह्यातून काही शिकले. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांचे लाल बावटा कलापथक डफ-तुणतुण्यानिशी निघाले, त्याच्या मार्गात भांगाचे पाणी आडवे आले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. सुरू झाली आणि पुढे डांबरी रस्ते खेड्यांपर्यंत गेले. रोह्यास आगगाडी आली ती १९८६ त, म्हणजे 'शाकुंतला'नंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि १९९३ त कोकण रेल्वेचे रूळ येथूनच दक्षिणेकडे वीरपर्यंत गेले. परंतु तोवर नाटकाने रुळांची संगत सोडून मालमोटारीची धरली होती.

आज गावोगाव ध्वनी, दिवे आणि मंच पुरविणारे लहान व्यावसायिक निघाले आहेत. ज्यास लोक 'छोटा हत्ती' म्हणतात ती गाडी घ्यावी, की चौदा फुटी टेम्पो घ्यावा, की भाड्याच्या ट्रकावर भिस्त ठेवावी, हा त्यांचा नित्याचा प्रश्न. त्यांना भरतीची वाट पाहावी लागत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर कोंडी झाली की ओहोटीचा अनुभव तेवढा येतो. साधने पालटली, तरी जुन्या मॅनेजरास जे प्रश्न पडत तेच ह्यांनाही पडतात: सर्वांत लांब वस्तू कोणती, चढउतार किती, आणि कशावाचून खेळ अडेल. ह्यांत आम्ही चौथा एक प्रश्न घालू इच्छितो: ह्या ओझ्यामुळे आपण कोणत्या गावास जाण्याचे टाळणार आहो? कारण कलावंताने गाडीत काय भरले, ह्यावरून त्याचे वैभव कळते; पण कोणत्या गावापर्यंत ती गाडी गेली, ह्यावरूनच त्याच्या कलेचा विस्तार ठरतो.