पहिल्या मात्रेवर की दुसऱ्या? साल्सा आणि ‘अस्सल’पणाचं भांडण

आजचा विषय नाचाचा आहे, पण आम्ही नाचून दाखवणार नाही, तेव्हा निश्चिंत बसा. आपण साल्साबद्दल बोलणार आहोत आणि त्यातही एका भांडणाबद्दल. भांडण वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. ज्या पावलावर शरीराची दिशा उलटते, पुढे गेलेला माणूस मागे वळतो, ते पाऊल पहिल्या मात्रेवर टाकायचं की दुसऱ्या? न्यूयॉर्कचा नर्तक म्हणतो, दुसऱ्या. लॉस एंजेलिसचा म्हणतो, पहिल्या. हवानाचा म्हणतो, तुम्ही दोघं जे नाचता ते मुळात आमचं आहे, तुम्ही ते सरळ रेषेत ओढून बिघडवलंत. आणि कोलंबियातल्या काली शहरातला माणूस या तिघांपेक्षा कितीतरी वेगाने पाय हलवत म्हणतो, साल्साची राजधानी इथे आहे.

चौघांच्याही तोंडी एकच शब्द आहे: अस्सल. हा शब्द या नाचात कधी आला, कुणी आणला आणि त्याने कुणाचं काय गेलं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

आधी मात्रांचं समजून घेऊ. साल्साची पावलं आठ मात्रांत मोजतात. आपल्या केरव्याला सरावलेल्या कानांना यात अवघड काही नाही. या आठ मात्रांवर क्लावे नावाची पाच आघातांची एक आकृती चालते. दोन लाकडी दांडकी एकमेकांवर वाजवून ती काढतात. एका अर्ध्या भागात तीन आघात, दुसऱ्या अर्ध्यात दोन. हे दोन आघात आपापल्या भागाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर येतात. शिवाय कोंगा या ढोलावरची ठसठशीत थापही दुसऱ्या मात्रेवर पडते. म्हणून ‘दोन’वाले म्हणतात, आम्ही तालवाद्यांवर नाचतो. ‘एक’वाले म्हणतात, गाण्याची ओळ जिथे सुरू होते तिथे आम्ही पाऊल टाकतो, यात चूक ती काय? संगीताच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर आहे. मग भांडण कशासाठी? त्यासाठी क्युबात जावं लागेल.

क्युबाच्या पूर्व भागात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, ‘सोन’ नावाचा गायन-नृत्यप्रकार आकाराला आला. स्पॅनिश गिटारची परंपरा आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची ताल-परंपरा यांच्या मिश्रणातून. १९२०च्या दशकात तो हवानात रुजला, रेकॉर्डवर आला. पुढे १९५०च्या दशकात हवानातल्या कासिनो देपोर्तीवो या क्लबात जोड्यांनी गोल करून नाचायची पद्धत निघाली. मध्ये एक जण आज्ञा देतो आणि सगळ्या जोड्या एकदम जोडीदार बदलतात. क्लबाच्या नावावरून नाचालाही ‘कासिनो’ म्हणू लागले आणि त्या गोलाला ‘रुएदा’.

इथेच दोन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, सोन नाचताना मात्रा उलटी धरायची असा संकेत आहे, तर कासिनो बहुतेक जण सरळ मात्रेवर नाचतात. म्हणजे एकाच बेटावर, दोन्ही अस्सल, आणि दोन्ही वेगळे. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. क्रांतीपूर्वीच्या क्युबात अशा खासगी क्लबांपैकी बहुतेकांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. ज्यांच्या पूर्वजांनी ताल दिला, त्यांनाच दाराबाहेर ठेवून नाचाची नवी पद्धत नावारूपाला आली. आज ज्याला आपण मूळ म्हणतो, त्या मुळातही कुणीतरी बाहेर उभं होतंच.

आता न्यूयॉर्क. ब्रॉडवे आणि ५३वा रस्ता मिळतो तिथे पॅलेडियम नावाचं नृत्यगृह होतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे माम्बो गाजला. माचितो, टिटो प्युएन्टे, टिटो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तिथे वाजत. फरशीवर पोर्तो रिकोचे, क्युबाचे, आफ्रिकी-अमेरिकन, ज्यू, इटालियन, सगळेच. वर्णभेदाच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. तिथली सर्वांत गाजलेली जोडी पाहा: पोर्तो रिकोत जन्मलेला पेद्रो आगिलार, ज्याला लोक ‘क्युबन पीट’ म्हणत, आणि इटालियन वंशाची मिली डोने. नाव क्युबाचं, माणूस पोर्तो रिकोचा, जोडीदारीण इटालियन! बुधवारी तिथे आधी माम्बोची शिकवणी, मग हौशी मंडळींची स्पर्धा आणि शेवटी व्यावसायिकांचं प्रदर्शन असा बेत असे. म्हणजे स्पर्धा ही बाहेरून आलेली बाधा आहे, असंही म्हणता येत नाही. ती सुरुवातीपासून होती. फक्त तिथला निकाल त्याच फरशीवर रोज नाचणाऱ्यांच्या टाळ्यांतून लागायचा. ज्युलिएट मॅकमेन्स या अभ्यासिकेने २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्या काळच्या नर्तकांच्या आठवणी गोळा केल्या आहेत. त्यांतून दिसतं ते हे, की पॅलेडियममध्ये कुणी एकवर नाचे, कुणी दोनवर, आणि बहुतेक जण मात्रा मोजतच नसत.

१९५९मध्ये क्युबात क्रांती झाली. १९६१मध्ये अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले, पाठोपाठ व्यापारबंदी आली. हवाना आणि न्यूयॉर्क यांच्यातली वादकांची, रेकॉर्डांची ये-जा थांबली. १९६६मध्ये पॅलेडियमही बंद पडलं. या पोकळीत १९६४ साली स्थापन झालेली फानिया ही रेकॉर्ड कंपनी वाढली. संस्थापक दोघे: डोमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि इटालियन वंशाचे वकील जेरी मासुची. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांतल्या तरुणांच्या संगीताला त्यांनी जगभर नेलं आणि १९७०च्या दशकात त्यावर एक नाव चिकटलं: साल्सा. साल्सा म्हणजे रस्सा, चटणी. टिटो प्युएन्टे या नावावर चिडायचे. चटणी खायची असते, आपण वाजवतो ते क्युबन संगीत, असं त्यांचं म्हणणं. क्युबातल्या जाणकारांचं म्हणणं याहून कडक होतं: हा आमचाच सोन, नवी चिठ्ठी लावून विकलेला.

हा नुसता रुसवा नव्हता, बरं का. यात पैसा होता. त्या काळच्या अनेक साल्सा रेकॉर्डांवर जुनी क्युबन गाणी आहेत आणि रचनाकाराच्या नावाच्या जागी ‘डी. आर.’ एवढीच दोन अक्षरं आहेत. अर्थ: हक्क राखीव. व्यापारबंदीमुळे क्युबात मानधन पाठवता येत नव्हतं, हे खरंच. पण पैसे पाठवता येत नाहीत म्हणून नावही छापायचं नाही, हे कायद्याने सांगितलेलं नव्हतं. अस्सलपणाच्या भांडणाला धार आली ती इथून. क्युबन माणूस ‘हे आमचं आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अभिमान असतोच, पण एक न चुकवलेलं बिलही असतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन मुलांनी त्या संगीतात आपली गल्ली, आपली गरिबी, आपला ट्रॉम्बोनचा कर्कश आवाज घातला. विली कोलोन आणि पनामाचे रुबेन ब्लेड्स यांचा १९७८चा ‘सिएम्ब्रा’ हा संच क्युबात होऊच शकला नसता. त्याला नुसती नक्कल म्हणणं हाही अन्यायच.

तिकडे कालीमध्ये वेगळंच घडत होतं. तिथल्या कामगारवस्त्यांत न्यूयॉर्कचे आणि क्युबाचे वाद्यवृंद क्वचितच पोचत, पोचायच्या त्या रेकॉर्डा. पॅसिफिकवरच्या बुएनाव्हेन्तुरा बंदरातून खलाशी त्या आणत. १९६०च्या दशकात काही रेकॉर्डा कालीच्या तरुणांना संथ वाटल्या, तेव्हा त्यांनी मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने लावली! गायकाचा आवाज चिरका झाला, पण पायांना काम मिळालं. आज जगभर नावाजली जाणारी कालीची चपळ पावलं त्यातून आली. यंत्राचा खटका पुढे सरकवून तयार झालेली ही शैली आता त्या शहराची ओळख आहे, आणि तिला नकली म्हणायची कुणाची छाती नाही.

मग मोजणी कुठून आली? वर्गातून. पोर्तो रिकन आईबापांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये वाढलेले एडी टॉरेस क्लबांत बघून बघून नाचायला शिकले. पुढे जून लाबर्टा या बॉलरूम शिक्षिकेने त्यांना मात्रा मोजायला, पावलांना नावं द्यायला शिकवलं. १९८०च्या दशकात ते टिटो प्युएन्टेंच्या वाद्यवृंदासोबत रंगमंचावर आले आणि ‘दोनवर’ नाचण्याची एक शिस्तशीर पद्धत त्यांनी हजारोंना शिकवली. गंमत बघा, त्यांची पावलं एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशी, दिशा फक्त दोनवर आणि सहावर बदलते. जुन्या माम्बोवाल्यांपैकी काहींचा आग्रह दोन-तीन-चार, सहा-सात-आठ असा. म्हणजे ‘दोन’च्या पंथातही दोन पंथ! पण टॉरेस यांचं काम मोठं आहे. पॅलेडियम गेलं होतं, डिस्कोने मुलं ओढून नेली होती. त्यांनी मोजून, लिहून, शिकवून ठेवलं नसतं तर त्यातलं बरंच काही हरवलं असतं.

पण शिकवता येईल असा नाच हा बदललेला नाच असतो. याचं जुनं उदाहरण लंडनचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मस्यू पिएर नावाचे नृत्यशिक्षक हवानाला जाऊन आले आणि सांगू लागले, इथे शिकवतात तो चौकोनी रुंबा चूक आहे, क्युबात दिशा दुसऱ्या मात्रेवर बदलतात. इंग्लंडच्या शिक्षकांत यावरून अनेक वर्षं जुंपली, त्याला ‘रुंबा युद्ध’ म्हणतात. शेवटी पिएर जिंकले आणि ‘क्युबन रुंबा’ जगभरच्या बॉलरूम स्पर्धांत गेला. पण क्युबात ज्याला रुंबा म्हणतात तो ढोल, आवाज आणि शरीर यांचा वेगळाच नाच आहे, ज्याला युनेस्कोने २०१६मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. अस्सलतेसाठी लढून जिंकलेला नाच आणि अस्सल रुंबा यांच्यात नावापलीकडे साम्य थोडंच.

साल्साचंही पुढे तसंच झालं. १९९७मध्ये पोर्तो रिकोत, १९९९मध्ये लॉस एंजेलिसमध्ये साल्सा काँग्रेस सुरू झाल्या: दिवसा शिकवण्या, रात्री प्रदर्शनं, जोडीला स्पर्धा. वास्केझ बंधूंमुळे लॉस एंजेलिसची पहिल्या मात्रेवरची, गिरक्यांनी आणि उचलण्यांनी भरलेली शैली जगभर गेली. पुण्या-मुंबईतल्या वर्गांतही साल्सा पोचला तो प्रामुख्याने या काँग्रेसच्या आणि व्हिडिओंच्या वाटेने. स्पर्धांत प्रकार पडले: एकवर, दोनवर, कसरतींसह. परीक्षक काय मोजणार? वेळ पाळणं, गिरक्या, दोघांच्या हालचालीतला एकसारखेपणा. समोरून बघणाऱ्याला सरळ रेषा दिसते, गोल दिसत नाही, म्हणून रुएदा मागे पडला. गाणं अनोळखी असताना जोडीदाराचं ऐकत ऐकत सुचत जाणं, हा या नाचाचा प्राण. त्याला गुण देणं कठीण, म्हणून आधी बसवलेल्या दोनेक मिनिटांच्या तुकड्याला गुण मिळतात. आपल्याकडे बैठकीची लावणी आणि टीव्हीच्या स्पर्धेतली लावणी ज्यांनी दोन्ही पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरी स्पर्धेला नुसतं खलनायक ठरवू नका. कालीच्या वस्त्यांतल्या मुलामुलींना याच स्पर्धांनी जग दाखवलं, रोजगार दिला. आणि क्युबात सोव्हिएत आधार तुटल्यावर, १९९०च्या दशकातल्या हलाखीत, अनेक नर्तकांनी परदेशी पाहुण्यांना कासिनो शिकवून घर चालवलं. पाहुण्यांना कासिनो हा शब्द ठाऊक नव्हता. म्हणून दारावर पाटी लागली: साल्सा. ज्या शब्दाला चोरी म्हटलं, तोच शब्द पोटासाठी लावावा लागला.

तर मंडळी, अस्सल कोण, याचं उत्तर आम्हाला विचाराल तर एकही नाही. न्यूयॉर्क, हवाना, काली, लॉस एंजेलिस, प्रत्येकाने या नाचाचा एकेक काळ धरून ठेवला आहे आणि त्यालाच मूळ मानलं आहे. पण म्हणून ‘सगळं सारखंच, भांडता कशाला’ असं म्हणून मोकळं होणंही आम्हाला पटत नाही. त्या ‘डी. आर.’ने ज्यांची नावं खाल्ली, ज्यांना क्लबाच्या दारात अडवलं, त्यांच्या हाती उरलेलं हत्यार म्हणजे ‘हे आमचं आहे’ एवढंच वाक्य. ते काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुमच्यापैकी कुणी साल्साच्या वर्गाला जात असेल, तर एक करा. एकवर की दोनवर, हे तुमचे शिक्षक सांगतील तसं नाचा. पण गाणं संपलं की विचारा, हे कुणी रचलं? बहुतेकदा ते नाव शोधलं तर सापडतं. ते माहीत करून घेतलं, तर त्या जुन्या बिलातला थोडा भाग तरी आपण चुकवला, असं म्हणता येईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.