राहत्या घराचा पाया बदलताना : डेबियन लिनक्सच्या अपग्रेडचा इतिहास

१/ घरच्या संगणकावरील लिनक्स नव्या आवृत्तीवर नेणे हे आज काही आज्ञांचे काम आहे. फायली जागेवर राहतात, प्रणाली बदलते. ही सोय मात्र आपोआप आलेली नाही. तिच्यामागे १९९० च्या दशकातील एक कठीण परीक्षा आहे. #थ्रेड

२/ लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचे कर्नल खुले केले. पण कर्नल म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. उरलेले प्रोग्रॅम एकत्र बांधून देणारी वितरणे फ्लॉपींच्या चळतीतून घरोघरी पोहोचत. नवी आवृत्ती आली की अनेकांना डिस्क पुसून पहिल्यापासून मांडामांड करावी लागे.

३/ १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. येथे प्रत्येक प्रोग्रॅम हे स्वतंत्र ‘पॅकेज’ असे. त्याला आणखी कोणती पॅकेजे लागतात, याची नोंद त्याच्याच सोबत ठेवली जाई. ही नोंद पुढे निर्णायक ठरली.

४/ परीक्षेचे नाव होते सी लायब्ररी. फाइल उघडणे, अक्षरे छापणे अशा मूलभूत कामांसाठी जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून असतो. पाचव्या आवृत्तीवरून सहाव्या आवृत्तीवर जायचे ठरले, तेव्हा दोन्ही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

५/ धोका उघड होता. जुनी लायब्ररी वेळेआधी निघाली, तर तिच्यावर उभे असलेले सारे प्रोग्रॅम एकाच वेळी निकामी होणार. आज्ञा स्वीकारणारे शेल त्यातच आले आणि पॅकेजे बसवणारे साधनही त्यातच. म्हणजे दुरुस्तीची अवजारेच हातची जाणार.

६/ उपाय संयमाचा होता : आधी काहीही काढायचे नाही. दोन्ही लायब्रऱ्या वेगळ्या नावांनी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. जुने प्रोग्रॅम जुनीवर चालत राहिले, नवे नवीवर. अत्यावश्यक पॅकेजे योग्य क्रमाने बदलण्यासाठी ‘ऑटोअप’ नावाची स्क्रिप्टही तयार झाली.

७/ २४ जुलै १९९८ रोजी डेबियन २.० प्रसिद्ध झाले. त्यात १,५०० हून अधिक पॅकेजे होती आणि ती सांभाळणारे ४०० हून अधिक विकासक. आवृत्तीचे नाव ‘हॅम’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील डुकराच्या आकाराच्या गल्ल्यावरून घेतलेले.

८/ मार्च १९९९ मधील २.१ आवृत्तीसोबत ‘ॲप्ट’ हे साधन आले. ते पॅकेजांच्या नोंदी वाचते, लागणारी पॅकेजे सीडीवरून किंवा इंटरनेटवरून मिळवते आणि बदलाचा क्रम स्वतः लावते. माणसाने डोक्यात ठेवायचा क्रम आता यंत्राच्या हिशेबात गेला.

९/ आणखी एक नियम पाळला गेला. वापरकर्त्याने स्वतः बदललेली सेटिंगची फाइल गुपचूप पुसायची नाही. जुनी ठेवायची की नवी घ्यायची, हे त्यालाच विचारायचे. संगणक त्याचा, निर्णयही त्याचा.

१०/ ऑक्टोबर २००४ मध्ये याच पायावर उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती हा शिरस्ता पडला. तरीही ॲप्टला कळते ते नोंदींतलेच. नोंद चुकली तर क्रमही चुकतो. म्हणूनच डेबियनच्या सूचनापत्रात अपग्रेडपूर्वीचा जुना सल्ला आजही कायम आहे : आधी बॅकअप घ्या.