हमी देणाऱ्याचे काय पणाला लागते?

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही शोरूममध्ये गाडीचा रंग ठरला, कर्जाचे कागद झाले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: वाढीव वॉरंटी घ्यायची का? पहिल्या काही वर्षांची हमी गाडीच्या किमतीतच असते. पुढच्या वर्षांची हवी असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. घेणारा बहुधा घाईत असतो आणि ‘एवढे लाख घातले, त्यात आणखी थोडे’ म्हणून सही करतो, किंवा ‘हे पैसे काढायचे धंदे’ म्हणून नाकारतो. दोन्ही उत्तरे विचार न करता दिलेली असतात. खरे तर न दिसणाऱ्या दोषाची जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. बैलबाजारात, कापसाच्या प्रेसमध्ये आणि सराफाच्या पेढीवर तो पिढ्यानपिढ्या सोडवला गेला आहे. त्या इतिहासातून मला एक निकष हाती लागतो. हमीचे मोल तिच्या मुदतीवरून ठरवू नये. माल वाईट निघाला तर हमी देणाऱ्याचे स्वतःचे किती जाते, यावरून ते ठरवावे.

बैलापासून सुरुवात करू, कारण शेतकऱ्याच्या घरातली ती सर्वांत मोठी खरेदी असे. सावदा, वरखेडी अशा बाजारांत दात पाहून वय ठरे, चाल पाहून पाय कळत, औताला किंवा गाडीला जुंपून ताकद अजमावता येई. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याचे भोवरेही पारखले जात. पण जनावर ऐन नांगरटीत बसकण मारते का, अनोळखी माणसावर धावते का, हे बाजारात कळत नाही. घरी आणल्यावरच खोड उघडी पडते. यावर दोन उपाय होते. एक, ओळखीचा माणूस मध्ये घालणे, ज्याला पुढच्या बाजारी त्याच लोकांत तोंड दाखवायचे आहे. दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो: उधारी. व्यापारी थोडी रक्कम घेऊन जनावर देई आणि बाकी हंगामानंतर वसूल करायला येई. या पद्धतीत व्याज किमतीत मुरलेले असे, तिने अनेकांना कर्जात लोटले, हे विसरता येत नाही. तरी तिचा एक गुण होता. बैल खोडकर निघाला तर उरलेली बाकी शेतकऱ्याच्याच हातात असे. कागद नव्हता, शिक्का नव्हता, पण व्यापाऱ्याचा पैसा अडकलेला होता.

कापसाच्या बाबतीत हाच प्रश्न सरकारने सोडवायचा प्रयत्न केला आणि ती कथा जास्त बोलकी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या बाजारात भाव कडाडले. नव्याने आलेल्या रेल्वेमुळे जळगाव त्याच सुमारास कापसाची मोठी पेठ म्हणून वर आले. भाव चढला तशी भेसळही वाढली. रुईत सरकी आणि माती मिसळणे, वजन वाढावे म्हणून ओलावा ठेवणे, चांगल्या कापसात हलका मिसळून गासडी दाबणे, असे सगळे प्रकार होत. गासडी एकदा दाबली की आत काय आहे ते लँकेशायरच्या गिरणीत ती फोडेपर्यंत कळत नसे. म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. निरीक्षक नेमले, प्रेसना परवाने लावले, आणि या साऱ्या यंत्रणेचा खर्च कापसावरच शुल्क बसवून वसूल केला. शुद्धतेची हमी मालापासून वेगळी काढून तिचे पैसे स्वतंत्र घेण्याचा हा आपल्या भागातला एक मोठा प्रयोग होता, आणि तो टिकला नाही. १८७४ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला, १८७८ मध्ये सुधारित कायदा आला, आणि १८८२ मध्ये तोही गुंडाळला गेला. व्यापाऱ्यांत याबद्दल दोन तट होते, आणि भेसळ काही प्रमाणात आटोक्यात आली असे म्हणणारेही होते. पण रचनेतच एक दोष होता. प्रामाणिक माणसाच्या गासडीवरही शुल्क पडे, आणि गासडी वाईट निघाली तर निरीक्षकाच्या खिशातून काहीच जात नसे.

१९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने वेगळी वाट धरली. प्रत्येक गासडीवर ती दाबणाऱ्या प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, असा नियम आला. गासडी कुठेही फोडली तरी ती कुठून आली हे सांगता येऊ लागले. जबाबदारी त्रयस्थाकडून काढून माल तयार करणाऱ्याच्या दारात आणून ठेवणारा हा बदल होता, आणि माझ्या मते १८६३ च्या कायद्यापेक्षा तो शहाणपणाचा होता.

जळगावच्या सोन्याचे नाव याच तत्त्वावर उभे राहिले. विदर्भ-मराठवाड्यातून माणसे लग्नाचे सोने घ्यायला जळगावला येतात ती नुसत्या नक्षीसाठी नव्हे. दिलेला दागिना पुढे मोडायला आणला तर पावतीवर लिहिलेल्या शुद्धतेप्रमाणे परत घेऊ, हा तिथल्या पेढ्यांचा शब्द त्यामागे आहे. दागिन्यात डाग जास्त निघाला तर तोटा पेढीचा. इथे हमीसाठी वेगळी रक्कम लागत नाही. ती मजुरीत आणि भावात आधीच बसलेली असते. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा तपासणी त्रयस्थ केंद्राकडे गेली हे खरे. पण त्या नियमांतही शुद्धता कमी निघाली तर विकणाऱ्याने फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यावा अशी तरतूद आहे. शिक्क्यामागे कोणाचा तरी तोटा उभा आहे, म्हणून त्या शिक्क्याला वजन आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जुन्या बाजारातला शब्द सगळ्यांसाठी सारखा होता का? नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा शेतकऱ्याला ना ओळखीचा दलाल होता, ना पेढीवर पत. त्याच्यासाठी तराजू वेगळा आणि कडता वेगळा असे. १९२७ च्या कायद्याखाली कापसाचे नियंत्रित बाजार उभे राहिले आणि त्यांत धुळे आरंभीच्या बाजारांपैकी होते, ते याच कारणाने. नुसती ओळख पुरत नाही, नियम लागतो. म्हणून ‘पूर्वी शब्दाला किंमत होती’ असे म्हणून कागदाची हेटाळणी करणे मला मान्य नाही. कागदाने अनोळखी माणसालाही हक्क दिला. त्या कागदावर सही कोणाची आहे, एवढे मात्र पाहिले पाहिजे.

मोटारगाडीच्या हमीचा इतिहासही याच वळणाने गेला. १९६३ च्या गाड्यांसाठी क्रायस्लरने अमेरिकेत इंजिन आणि गियरबॉक्सला ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी दिली आणि इतर कंपन्यांनाही तिच्यामागे जावे लागले. दुरुस्त्यांचा खर्च अंगावर आला तेव्हा त्यांनी पुढे हात आखडता घेतला. शेवटी १९७५ मध्ये तिथे कायदा झाला. विक्रीतच सामील असलेली हमी आणि वेगळे पैसे घेऊन दिलेला दुरुस्तीचा करार या दोन गोष्टी त्याने निराळ्या धरल्या. शोरूममध्ये आपल्यापुढे येणारी वाढीव वॉरंटी दुसऱ्या प्रकारची आहे. गाडी चांगली आहे म्हणून ती मिळत नाही. तो एक प्रकारचा विमा आहे, आणि विमा विकणारा सरासरीने नफ्यातच राहतो.

मग ती घेऊच नये का? तसे नाही. पूर्वी गाडीचा बिघाड डोळ्यांना दिसे, आणि आग्रा रोडवरच्या ट्रकांवर हात बसलेले धुळ्याचे मिस्त्री तो स्वस्तात काढत. आजच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा किंवा टर्बोचा बिघाड तसा निघत नाही. त्याचे बिल घराचे महिन्यांचे गणित मोडू शकते. ज्याला एवढा खर्च एकाएकी झेपणार नाही, ज्याला गाडी पाच-सात वर्षे ठेवायची आहे, जो रोज चोपडा-जळगाव किंवा शिरपूर-धुळे करतो, त्याने विचार जरूर करावा. साधी पेट्रोल गाडी, कमी फिरणे, आणि तीन-चार वर्षांत विकायचा बेत असेल तर बहुतेकांनी ते पैसे बँकेत ठेवावेत. मूळ हमीही आता लांबली आहे: मारुतीने २०२४ मध्ये ती ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. वाढीव मुदत बहुधा मूळ हमी संपेपर्यंत घेता येते. उशिरा घेतली तर थोडे जास्त पडते, पण तोवर गाडीचा स्वभाव कळलेला असतो. पहिल्याच दिवशी सही करण्याची घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नसावी.

घ्यायचीच असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीची घ्यावी. वाईट गियरबॉक्स बनवला तर तिलाच भुर्दंड पडतो आणि तिचेच नाव जाते. मधल्या एखाद्या संस्थेचा करार असेल तर ती १८६३ च्या निरीक्षकाच्या जागी बसलेली असते. फरक एवढाच की दावा मंजूर केला तर तिचे पैसे जातात, म्हणून नाकारण्याकडे तिचा कल जास्त. नाकारण्याची कारणे करारातच असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर ही झिजणारी म्हणून वगळलेली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बहुधा बाहेर. बाहेरून बसवलेला सीएनजी किट किंवा अधिकृत केंद्रात न झालेली एखादी सर्व्हिस पुरे होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या भुसावळ-जळगाव पट्ट्यात एसीचा कॉम्प्रेसर त्यात धरला आहे का, हे तर नाव घेऊन विचारावे.

एक गोष्ट मात्र बैलबाजारातल्या शेतकऱ्याला नव्हती आणि आज आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असो की पुण्याला, साक्रीच्या माणसाला दाद धुळ्यात मागता येते. त्यासाठी कराराची प्रत, प्रत्येक सर्व्हिसचे बिल आणि दावा नाकारल्याचे लेखी उत्तर, एवढे जवळ असावे लागते.